आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहोत, मग व्हीगन होण्याची, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळंच सोडण्याची गरज काय? आणि मराठी घरात ते जमतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मांस-मासे न खाणाऱ्या घरात प्राण्यांवरची दया शाकाहारानेच साधत नाही का? दूध-तूप सोडणं हे परदेशातून आलेलं खूळ नाही का? आणि सोडायचंच ठरवलं, तर घरातली मोठी माणसं, सणवार आणि चहा यांचं काय करायचं? मी ठाण्यात कळव्याला राहते, एकत्र कुटुंबात, आणि गेली बारा-तेरा वर्षं दुधाचं काही खात नाही. त्यामुळे जे अनुभवलं तेच लिहिते.

माझ्या माहेरी खरवस म्हणजे जीव की प्राण. घोडबंदरच्या बाजूच्या एका तबेल्यातून आमच्याकडे रतीब होता. म्हैस व्याली की दूधवाले काका चिकाची बरणी आठवणीने द्यायचे. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी माहेरी होते. एके दिवशी काकांचा निरोप आला, चीक घेऊन जा. बाळाला आईजवळ ठेवून मी पहाटे बाबांबरोबर तबेल्यात गेले. लहानपणी कितीदा तरी गेले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

काकांनी रेडकू सोडलं. ते धडपडत आईच्या कासेला लागलं, दोन-चार वेळा ढुशी दिली आणि म्हैस पान्हवली. लगेच त्याला ओढून दोन हातांवर खुंटीला बांधलं आणि धार काढायला सुरुवात झाली. रेडकू दाव्याला ताण देऊन ओरडत होतं. म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघत होती आणि दूध बादलीत पडत होतं. ते ओरडणं ऐकून मलाच पान्हा फुटला. कुर्ता भिजला, मी ओढणी पुढे घेतली. ज्या बाईने बाळाला पाजलंय तिला हे सांगायला नको. रडणारं मूल आपलंच असावं लागत नाही. शरीराला तेवढं कळत नाही. किंवा आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आठ दिवसांनी बाबा रतीब वाढवायचं सांगायला गेले, तेव्हा मीही गेले. रेडकू नव्हतं. काका म्हणाले, "गेलं, ताई. टोणगा होता. त्याला पाजून मी काय करू?" खुंटीला ते लहानसं दावं तसंच लोंबकळत होतं.

काका दुष्ट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. नावाने हाक मारून म्हशीची पाठ थोपटणारा माणूस तो. पण जागेचं भाडं, विकतची वैरण, सरकी पेंड आणि लाखाच्या पुढे गेलेली म्हशीची किंमत यांचं गणित त्यांनी माझ्यासमोर मांडलं, आणि त्यात रेडकाला खरंच कुठे जागा नव्हती. दूध हवं तर म्हैस आधी व्यायला हवी, म्हणजे सुमारे दहा महिने गाभण राहायला हवी. होणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर. पूर्वी बैल तरी नांगराला, गाडीला लागायचा, आता ट्रॅक्टर आला. आणि म्हैस भाकड झाली की शहरातल्या तबेल्यात तिला नुसतं उभं करून खायला घालणं कुणालाच परवडत नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा मात्र त्यात नाहीत. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगात आघाडीवर असतो आणि देशातलं जवळजवळ निम्मं दूधही म्हशीचंच आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. आपण ताटात मांस घेत नाही, पण आपल्या पेल्यातल्या दुधाची पुढची वाट तिकडेच जाते. म्हणून शाकाहार पुरेसा आहे असं मला म्हणता येत नाही.

आता परदेशी खुळाबद्दल. 'व्हीगन' हा शब्द परदेशी आहे, यात वाद नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी तो घडवला. पण विचार? मला तो माझ्या सासूबाईंच्या वसुबारसेत सापडला. आश्विन वद्य द्वादशीला त्या गाय-वासराची पूजा करतात आणि बाजरीची भाकरी, गवारीची भाजी खातात. त्या दिवशी गाईचं दूध, दही, ताक, तूप काहीही घेत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आजचं दूध वासराचं गं." इतकं साधं. पूजा नुसत्या गाईची नसते, सवत्स धेनूची असते, वासरू सोबत लागतंच. तबेल्यातून आल्यावर मला हे वाक्य आठवलं आणि मनात आलं की, आज वासराचं, तर उद्या कुणाचं? पुढच्या तीनशे चौसष्ट दिवसांत वासरू कुठे जातं? मी सासूबाईंना वेगळं काही सांगत नव्हतेच, त्यांचाच एक दिवस पुढे नेत होते. तसं सांगितल्यावर त्यांना ते पटलं नाही, पण कळलं. घरात शांतता राहायला तेवढं पुरलं. वरणभातावर तूप त्या अजून घेतात. मीच वाढते.

जमण्याचं म्हणाल, तर जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. पिठलं-भाकरी, आमटी-भात, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फदफदं, थालीपीठ, कोथिंबीर वडी, मिरचीचा ठेचा. यात दूध कुठे आहे? सोलकढी तर नारळाच्या दुधाचीच. गणपतीत उकडीच्या मोदकावर तुपाऐवजी नारळाचं दाट दूध घालते, पुरणपोळीबरोबरही तेच. खरी अडचण घराबाहेर येते. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दुधाविना नव्हे. बिस्किटं, ब्रेड, चिवड्याचे मसाले यांतही दूध पावडर निघते, म्हणून मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम केले. त्यांचं चिन्हही वेगळं आहे, हिरवं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर छोटं पान. ते दिसलं तर शोधाशोध वाचते.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते गोळीतूनच घ्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून घ्या, वर्षातून एकदा रक्त तपासा. मी पहिली दोन वर्षं हयगय केली, हातापायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा धावले. 'निसर्गात सगळं मिळतं' असं कुणी ठामपणे सांगितलं तरी ऐकू नका. कॅल्शियमची काळजी तुलनेने कमी. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, पण मोड आणून सत्त्व केलं की जास्त लागतं. शिवाय तीळ आहेत.

रेशमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचारणारं कुणीतरी घरात भेटेलच. कोशातून अखंड धागा मिळावा म्हणून किडा आतमध्ये जिवंत असतानाच कोश उकळतात, आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात. नणंदेच्या लग्नात मी आईची जुनी पैठणी नेसले होते. नवी घेतली नाही. आधीची फेकून त्या किड्यांचं काही भलं होणार नव्हतं.

आणि दया फक्त ताटातूनच दाखवायची असं नाही, पण ती दाखवताना माणसांवर डाफरायचं नाही, हे मी एक चूक करून शिकले. सुरुवातीला ऑफिसात डबा खाताना मी मैत्रिणीला बोंबलावरून बोलले होते. ती नवी मुंबईतल्या दिवाळे गावची, कोळी. तिच्या घरच्या तीन पिढ्या खाडीवर जगल्या, आणि खाडीतलं पाणी बिघडलं, मासा कमी झाला, ते नुकसान तिच्या घराने सोसलं. मी तिला दयेचे धडे द्यायला निघाले होते. माफी मागितली. ज्याला निवड करण्याची सोय आहे, त्याने आधी स्वतःच्या घरातलं बघावं, असं मला वाटतं. माझ्याकडे सोय आहे. तुमच्या प्रश्नावरून वाटतं, तुमच्याकडेही आहे.

आता सुरुवात कुठून करायची. चहापासून करू नका. सोयाचं दूध उकळत्या चहात फाटतं, घरातल्यांची तोंडं वाकडी होतात आणि सगळा बेत पहिल्याच दिवशी बारगळतो. दह्यापासून करा. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी सालं काढा, चार वाट्या पाणी घालत बारीक वाटा आणि पंच्याने गाळा. ते दूध मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं उकळा, नाहीतर तळाला लागतं. कोमट झालं की देठांसकट सहा-सात हिरव्या मिरच्या त्यात बुडवून झाकण ठेवा. विरजणाचं काम ती देठं करतात. ठाण्याच्या उकाड्यात आठ तासांत दही लागतं, थंडीत पातेलं शालीत गुंडाळून ठेवा. मग मिरच्या काढा आणि पुढच्या वेळी याच दह्याचं विरजण लावा. पहिल्यांदा पातळ झालं तर टाकू नका. त्याची कढी करा, आलं-कढीपत्त्याची फोडणी द्या, फक्त उकळी फुटू देऊ नका. आमच्याकडे सासूबाईंनी पहिल्यांदा वाटी पुढे केली ती त्या कढीसाठीच.