शस्त्रक्रिया नाही, हर्निया दिसत नाही, तरी आतडं अडलंय

तुमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या, अंगाने अगदी बारीक, पोटावर एकही टाका नाही. उलट्या झाल्या, पोट फुगलं, मध्ये एक दिवस बरं वाटलं आणि आता पुन्हा तेच. एक्स-रेत फुगलेलं आतडं दिसतंय. थांबायचं की सीटी स्कॅन करायचा, असं विचारलंत. शल्यचिकित्सक म्हणून सांगतो, सीटी आजच करा.

मोठ्यांमध्ये लहान आतडं अडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत पडलेले चिकटे, म्हणजे आतड्यांना एकमेकांशी चिकटवणारे पट्टे. तसं असेल आणि पोट मऊ असेल, तर नाकातून नळी आणि सलाईनवर बरेचदा सुटतं. टाका नसलेल्या पोटातही कधी चिकटे किंवा जन्मजात पट्टा सापडतो, पण ते गृहीत धरून वाट पाहू नये.

मधला बरा दिवस मला खटकतो. पित्ताशयातला मोठा खडा, बहुधा अडीच सेंटिमीटरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा, भिंत झिजवून थेट आतड्यात उतरतो. तो अडला की कळा आणि उलट्या, पुढे सरकला की आराम, मग पुन्हा अडतो. शेवटी बहुतेकदा लहान आतड्याच्या टोकाशी, जिथे ते अरुंद असतं. हे जास्त करून वयस्क स्त्रियांत होतं. रिगलर यांनी १९४१ मध्ये त्याच्या तीन खुणा मांडल्या: अडलेलं आतडं, पित्तनलिकेत हवा आणि भलत्या जागी खडा. साध्या एक्स-रेत तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, कारण बऱ्याच खड्यांत कॅल्शियम पुरेसं नसतं. सीटीत चित्र खूपच स्पष्ट होतं.

दुसरी शंका ऑब्ट्युरेटर हर्नियाची. कृश, वृद्ध स्त्रीत कमरेच्या हाडातल्या छिद्रातून आतडं घुसतं. जागा इतकी खोल की बाहेर फुगवटा दिसतच नाही. त्यांना विचारा, मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते का? पाय मागे ताणला किंवा आत वळवला की वाढते आणि मांडी पोटाकडे दुमडली की कमी होते का? ही कळ नसली म्हणून हर्निया नाही असं मात्र नाही. असे रुग्ण कितीदा सांधेदुखी समजून हाडांच्या डॉक्टरांकडे फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकीचं थोडक्यात. मोठ्यांत आतड्यात आतडं शिरलं तर पुढच्या टोकाला बहुधा गाठ किंवा पॉलिप असतो. वजन उतरणं, बारीक ताप असेल तर क्षयाचा विचार हवा. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानेही आतडं आकुंचतं, तेव्हा औषधांची यादी सोबत न्या.

रेडिओलॉजिस्टना ‘पोटदुखी’ एवढंच लिहून पाठवू नका. ‘टाका नाही, दुखणं येतं-जातं, मांडीपर्यंत पाहावं’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. शिरेतून रंगद्रव्य दिलं तर आतड्याचा रक्तपुरवठाही कळतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं असेल तर त्याविना केलेला सीटीही खडा आणि हर्निया बऱ्याचदा दाखवतो, त्यामुळे तेवढ्यासाठी तपासणी लांबवू नये.

येणारी-जाणारी कळ सतत दुखू लागली, ताप आला, नाडी वेगाने चालली किंवा पोट हात लावू देईना, तर स्कॅनच्या वेळेचीही वाट पाहू नका. थेट शल्यविभागात न्या.