ऑक्सिकोडोनमधला डोडा

प्रश्न : ‘ऑक्सिकोडोन’ या वेदनाशामकाला अर्धकृत्रिम का म्हणतात? नावातल्या ‘ऑक्सि’चा प्राणवायूशी काही संबंध आहे का? (एक वाचक, इंदूर)

अर्धकृत्रिम म्हणजे ‘अर्धं नकली’ हे इंदुरात इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. नकली नाही आणि भेसळीचं तर नाहीच नाही. झाडाने घडवलेला रेणू घ्यायचा आणि प्रयोगशाळेत त्याची रचना बदलायची, ही अर्धकृत्रिमाची रीत. फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाला अफूच्या झाडाची गरज नाही, म्हणून ते पूर्ण कृत्रिम. ऑक्सिकोडोनला गरज आहे. फ्रॉइंड आणि श्पायर या जर्मन रसायनज्ञांनी ते १९१६ साली फ्रँकफुर्टमध्ये अफूतल्या थेबाइनपासून तयार केलं. आधी औषध म्हणून विकल्या गेलेल्या हेरॉइनची व्यसनामुळे बदनामी तोवर झालेली होती. नव्या औषधाचं व्यसन लागणार नाही ही आशाही फोल ठरली. १९९६ साली आलेल्या ऑक्सिकॉन्टिनने, म्हणजे ऑक्सिकोडोनच्याच गोळीने, अमेरिकेत व्यसनाचा काय अनर्थ केला, ते सर्वांना ठाऊक आहे.

‘ऑक्सि’ म्हणजे रेणूतल्या चौदाव्या कार्बनला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. श्वासाशी तिचा संबंध नाही. उलट मात्रा वाढली तर या औषधाने श्वास मंदावतो.

पण नावाचा गाभा आहे ‘कोड’. रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने १८३२ साली अफूतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि ग्रीक ‘कोडेइआ’वरून त्याला कोडीन म्हटलं. कोडेइआ म्हणजे अफूचं बोंड, आपल्या माळव्यातला डोडा! मंदसौर-नीमचचा शेतकरी ज्या डोड्याला चिरा देऊन चीक काढतो, तोच या जर्मन औषधाच्या नावात बसलाय. नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूतून कोडीन काढतात, थेबाइनही काढतात. मग इंदूरकरांनी हे नाव परकं का मानावं? मराठीत कोडीनला सरळ ‘बोंडीन’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी याहून कितीतरी कृत्रिम शब्द आपल्या माथी मारलेत.

आता ‘अफू’. तिचं मूळ संस्कृत ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असं सांगणाऱ्या पंडितांशी माझं मुळीच पटत नाही. अफू सापाच्या तोंडातून कधी आली? चरकात नाही, सुश्रुतात नाही; शार्ङ्गधरसंहिता या मध्ययुगीन वैद्यकग्रंथात अहिफेन सापडतं, तोवर अरबांचा व्यापार कितीतरी जुना झालेला. अरबी ‘अफ्यून’ आधी आला आणि आपल्या वैद्यांनी त्याला संस्कृत अंगरखा चढवला. अफ्यून आला ग्रीक ‘ओपिऑन’वरून, आणि ओपिऑन ‘ओपोस’वरून. ओपोस म्हणजे झाडाचा रस, चीक. शेतकरी नेमकं तेच म्हणतो. ‘अफूचा चीक’ म्हणजे चिकाचाच चीक, आणि साप त्यात कुठेच नाही.