देवयानी दीर्घिकेची टोकं फ्रेममध्ये कापली जातात. कॅमेरा नेमका किती फिरवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनन १५००डी, ४०० मिलिमीटरची लेन्स, खाली स्टार ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र), जागा पुण्याच्या जवळपास, महिना नोव्हेंबर. पहिल्या रात्री सव्वासातला सुरुवात केली, दुसऱ्या रात्री साडेनऊला. दीर्घिका अगदी मधोमध धरली तरी दोन्ही रात्री तिची टोकं कापली गेली, आणि दोन्ही रात्रींचे फोटो स्टॅक केल्यावर, म्हणजे एकमेकांवर रचून एक केल्यावर, कडा विचित्र आल्या. दोन्ही वेळा बबल लेव्हल लावून कॅमेरा अगदी आडवा ठेवला होता, असंही तुम्ही लिहिलंय.

गडबड त्या बबल लेव्हलमध्ये आहे. फ्रेमचा कोन आकाशाच्या उत्तरेवरून, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या दिशेवरून मोजायचा असतो. क्षितिजाशी त्याचं कायमचं असं काही नातं नाही. ट्रॅकर चालू झाला की कॅमेरा आकाशाबरोबर फिरतो आणि सुरुवातीला जो कोन दिलात तोच रात्रभर राहतो. त्यामुळे क्षितिजाशी समांतर कॅमेरा सव्वासातला लावला तर आकाशात एक कोन मिळतो, साडेनऊला लावला तर दुसराच.

आपल्याकडे हा फरक फार मोठा पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुण्याचं अक्षांश साडेअठरा अंश, आणि देवयानी दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या ४१ अंश उत्तरेला. म्हणजे ती आपल्या डोक्यावरून जात नाही, डोक्याच्या उत्तरेकडून जाते. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर येते, तेव्हा आपण उत्तरेकडे तोंड करून ६७ अंश उंचीवर बघत असतो. त्या क्षणी तिच्यापासून आकाशाची उत्तर कुठे? सरळ खाली, ध्रुवताऱ्याकडे. सव्वासातला ती ईशान्येच्या अंगाला असते, आणि तेव्हा हीच उत्तर डावीकडे तिरकी खाली झुकलेली असते. या सव्वादोन तासांत ‘वर’ या शब्दाचा अर्थ आकाशात साठेक अंशांनी बदलतो. तुमच्या दोन रात्रींच्या फ्रेममध्ये एवढाच फरक पडलाय.

ट्यूटोरियल बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोकांची असतात. पन्नास अंश अक्षांशावर हीच दीर्घिका डोक्याच्या दक्षिणेकडून जाते, म्हणून त्यांना ऐन माथ्यावर उत्तर ‘वर’ दिसते. तिथून पाठ केलेलं वर-खाली इथे उलटं पडतं. आपण अक्षांशाने खाली आहोत, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो.

आता टोकं का कापली जातात ते बघू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. सेन्सरची लांबी भागिले फोकल लेन्थ, गुणिले ५७.३, हा हिशोब केला की ४०० मिलिमीटरला फ्रेम ३.२ बाय २.१ अंशांची येते. दीर्घिका लांबीला तीन अंशांहून थोडी जास्त, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. आणि ती उत्तर-दक्षिण रेषेशी ३५ अंशांचा कोन करून, उत्तरेकडून पूर्वेकडे कललेली आहे. हे ३५ अंश सगळ्यात महत्त्वाचे.

साडेनऊला कॅमेरा आडवा लावलात तेव्हा फ्रेमची लांब बाजू पूर्व-पश्चिम आली. त्या फ्रेममध्ये दीर्घिकेच्या तिरक्या रेषेत जागा मिळते फक्त २.६ अंश. सव्वासातच्या फ्रेममध्ये तर जेमतेम २.४. मधोमध कितीही नेमकी धरा, टोकं बाहेरच जाणार. पण लांब बाजू उत्तर-दक्षिण केली, तर दीर्घिका जवळजवळ बरोब्बर कर्णावर येते, कारण ३:२ फ्रेमचा कर्ण लांब बाजूशी ३४ अंशांचा कोन करतो. तिथे जागा मिळते ३.७ अंश. लेन्स तीच, कॅमेरा तोच, आणि अख्खी दीर्घिका आत.

काही जण लांब बाजू थेट दीर्घिकेच्या लांबीला समांतर लावतात. ४०० मिलिमीटरला मी ते करत नाही. तिथे मिळतात ३.२ अंश, म्हणजे दोन्ही टोकं कडेला टेकतात, आणि स्टॅकिंगनंतर कडा थोड्या कापाव्याच लागतात. कर्णावर ठेवली की आणखी एक फायदा होतो: उरलेल्या दोन कोपऱ्यांत निव्वळ काळं आकाश राहतं. पुण्याचा उजेड पार्श्वभूमीतून काढायचा तर सॉफ्टवेअरला कुठेतरी खरी रिकामी जागा दाखवावी लागते. दीर्घिकेची पुसट प्रभाच चारी बाजूंनी पसरलेली असेल तर ती प्रभाही उजेडाबरोबर पुसली जाते. एम ३२ आणि एम ११० या सोबतच्या छोट्या दीर्घिका दोन्ही मांडण्यांत आत येतातच, त्यांची काळजी नको. ३०० मिलिमीटरची लेन्स मिळाली तर फ्रेम ४.३ बाय २.८ अंशांची होते, मग मात्र समांतर लावा किंवा कर्णावर, आवडेल तसं.

आता अंधारात, शेतात उभं राहून ही उत्तर-दक्षिण रेषा कॅमेऱ्यात शोधायची कशी? यासाठी लॅपटॉप लागत नाही. दीर्घिका मधोमध आणा. कॅमेरा बल्बवर (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवणाऱ्या सेटिंगवर) टाका, एक मिनिटाचं एक्सपोजर सुरू करा. पहिले दहा सेकंद ट्रॅकर चालू ठेवा, मग हलक्या हाताने बंद करा, आणि उरलेली पन्नास सेकंद तारे सरकू द्या. फोटोत प्रत्येक ताऱ्याला एक ठळक ठिपका आणि त्याला जोडलेली बारीक शेपटी दिसेल. तुमच्या लेन्सला देवयानीजवळ ही शेपटी सुमारे ३०० पिक्सेल लांब येते, स्क्रीनवर झूम केलं की स्वच्छ दिसते. शेपटीची रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि शेपटीचं टोक पश्चिमेकडे.

तुमच्यासाठी काम इतकंच: ही शेपटी फ्रेमच्या आखूड बाजूला समांतर येईपर्यंत कॅमेरा फिरवायचा. शेपटी आखूड बाजूने गेली म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिण झाली. फोटो काढा, बघा, थोडं फिरवा, पुन्हा काढा. तीन-चार फोटोंत जमतं. कुठल्या दिशेने फिरवायचं याचा विचार करत बसू नका, कारण कॅमेऱ्याच्या मागून आणि पुढून बघताना घड्याळाची दिशा उलटते आणि थंडीत डोकं चालत नाही. थोडं फिरवून बघा, तिरकेपणा वाढला तर उलटं फिरवा. एक-दोन अंशांची चूक चालते. एक अंश म्हणजे अगदी कोपऱ्यात साठेक पिक्सेल, ६००० पिक्सेलच्या फ्रेममध्ये ते काही नाही.

फिरवताना लेन्सच्या कॉलरवर (लेन्सला धरणाऱ्या कड्यात) फिरवा, बॉल हेडवर (कॅमेरा सगळीकडे वळू देणाऱ्या गोल सांध्यावर) नको. कॉलर सैल करून फिरवलं तर लेन्स आपल्याच अक्षाभोवती फिरते आणि दीर्घिका जवळपास मधोमधच राहते. बॉल हेड सैल केलं की कोन बदलेल, पण लक्ष्यही जाईल, आणि ते पुन्हा शोधताना कोनही परत बिघडेल. मी कॉलरभोवती कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा केल्या आहेत. घेर २५ सेंटिमीटर भरला, त्याचे ३६ भाग केले, म्हणजे दर सात मिलिमीटरला दहा अंश. लेन्सवर एक पांढरी रेघ. लाल टॉर्चच्या उजेडात लाल शाई दिसत नाही, म्हणून खुणा काळ्या पेनाने करा.

या पट्टीमागे एक वाया गेलेली रात्र आहे. भोरच्या पुढे एका मित्राच्या शेतावर मी घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ दोन रात्रींत टिपत होते, एक डिसेंबरातली, दुसरी जानेवारीतली. दुसऱ्या रात्री आठवणीने ‘असाच तर होता’ म्हणून कोन लावला आणि पहाटेपर्यंत फोटो घेतले. घरी येऊन पाहिलं तर अठरा अंशांचा फरक. मृगाच्या पोटातल्या बाणातला पूर्वेकडचा तारा, अल्निटाक, घोड्याच्या डोक्यापासून अर्ध्या अंशावर आहे आणि फार तेजस्वी आहे. पहिल्या रात्री तो फ्रेममध्ये नीट आत होता, दुसऱ्या रात्री कडेवर गेला आणि त्याच्या उजेडाची तिरीप निम्म्या फोटोभर पसरली. तेव्हापासून माझा नियम असा की ठळक तारा एक तर पूर्ण आत हवा, नाही तर बराच लांब. कडेवर कधीच नको.

दुसऱ्या रात्री तोच कोन परत आणण्यासाठी पहिल्या रात्रीचा एक फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा. तो फोटोतल्या ताऱ्यांवरून फ्रेमचा मध्यबिंदू आणि फोटोची वरची बाजू उत्तरेपासून पूर्वेकडे किती अंशांवर आहे, हे दोन्ही सांगतो. तुमच्या उत्तर-दक्षिण मांडणीत हा आकडा ९० किंवा २७० च्या आसपास यायला हवा. दोन्हींत १८० अंशांचा फरक आहे, म्हणजे फोटो फक्त उलटा, फ्रेम तीच. शेतावर नेटवर्क नसेल तर अस्टॅप हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय हेच काम करतो. वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: मध्यबिंदूचा विषुवांश, क्रांती (हे आकाशातले रेखांश-अक्षांश) आणि हा कोन. ‘एम ३१ मधोमध’ (एम ३१ म्हणजे देवयानी दीर्घिका) एवढंच लिहिलं तर पुरत नाही, कारण पुढे कधी दीर्घिका मुद्दाम जरा बाजूला ठेवावीशी वाटेल.

घरी आधी मांडणी ठरवायला स्टेलारियम हा आकाशाचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम चांगला. त्यात सेन्सरचं आणि लेन्सचं माप भरलं की आकाशावर चौकट दिसते आणि ती फिरवताही येते. पण आधी कंट्रोल आणि एम दाबून विषुववृत्तीय दृश्यावर जा. नाही तर तिथेही ‘वर’ म्हणजे डोक्याची दिशा धरली जाते, आणि वेळ पुढे सरकवली की दीर्घिका चौकटीत फिरताना दिसते. तुम्हाला स्टेलारियममध्ये एक आणि कॅमेऱ्यात दुसरंच दिसलं, असंही तुम्ही लिहिलंय; त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

पुढे दुर्बीण घेतलीत तर एक फरक लक्षात ठेवा. कॉलरवर लेन्स आणि कॅमेरा एकत्र फिरतात, त्यामुळे घेतलेल्या फ्लॅट्स (धुळीचे डाग आणि कोपऱ्यांतला काळोख काढण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) चालतात. दुर्बिणीच्या मागे नुसता कॅमेरा फिरवला, तर दुर्बिणीकडची धूळ आणि कोपऱ्यांतला काळोख सेन्सरवर जागा बदलतात. मग फ्लॅट्स नव्याने घ्याव्या लागतात, आणि फोकसही पुन्हा तपासावा लागतो.

देवयानीनंतर काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जानेवारीत मृगातला मोठा तेजोमेघ आणि घोड्याचं डोकं एकाच फ्रेममध्ये घ्या. दोन्हींत सव्वातीन अंशांचं अंतर आहे आणि ते मुख्यतः उत्तर-दक्षिण, म्हणून २०० मिलिमीटर लेन्स आणि लांब बाजू पुन्हा उत्तर-दक्षिण. घोड्याच्या मागची लाल पट्टीही उत्तर-दक्षिणच धावते. फोटोत घोडा उभा दिसायला हवा असेल तर पश्चिम वर घ्यावी लागते, पण ते नंतर संगणकावर फिरवूनही होतं. एप्रिलमध्ये १३५ मिलिमीटरने ज्येष्ठा ताऱ्याचा परिसर, तिथल्या रंगीत ढगांसकट, घ्या. लंडनमधून ज्येष्ठा जेमतेम १२ अंश वर येते, आपल्याकडे ४५ अंश. त्या रंगीत ढगांपासून आकाशगंगेकडे, म्हणजे पूर्वेकडे, धुळीचे काळे पट्टे गेले आहेत. ते हवे असतील तर लांब बाजू पूर्व-पश्चिम लावा आणि ज्येष्ठा फ्रेमच्या पश्चिम भागात ठेवा. गोल तेजोमेघांना कोनाने फारसा फरक पडत नाही, तिथे फक्त आजूबाजूचे ठळक तारे बघायचे.

तुमच्या हातात असलेले दोन रात्रींचे फोटो टाकून देऊ नका. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून फोटो फिरवून एकमेकांवर बसवतं, विचित्र दिसतात त्या फक्त एकाच रात्रीचा माल असलेल्या कडा. डीपस्कायस्टॅकरमध्ये इंटरसेक्शन मोड निवडा, म्हणजे दोन्हींत सामायिक असलेला भागच उरेल. दीर्घिकेचा गाभा आणि त्याभोवतीचे धुळीचे पट्टे त्या भागात पूर्ण आहेत, आणि तिथे दोन्ही रात्रींचा प्रकाश जमा झालेला आहे.