आमेन म्हणायच्या आधी आजींना खरं सांगा

ताई, प्रभूत सलाम.

तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत. मी मुख्यतः एकावरच बोलणार आहे, बाकीचे शेवटी उरकते. तुम्ही लिहिता:

“ह्यांची नोकरी जुलैत गेली. नगरला सासूबाईंना कळवलेलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या रोज व्हिडिओ कॉलवर असतात आणि ‘लेकाच्या नोकरीबद्दल तुझे उपकार मानते, प्रभू’ असं म्हणतात. आम्ही सगळे आमेन म्हणतो. परवा तेरा वर्षांची लेक मध्येच उठून गेली. म्हणाली, खोट्याला आमेन कसं म्हणायचं? आता ती प्रार्थनेलाच बसत नाही. तिच्यात कृतज्ञता कशी रुजवू?”

तिच्यात ती आहे, ताई. म्हणूनच तिला हे सहन झालं नाही. रागावू नका, पण या घरात चुकलंय ते तुम्हा दोघा मोठ्यांचं. तुमचा हेतू मला समजतो. टोरांटो असो की मेलबर्न, आपल्यापैकी बहुतेकजण गावाकडे गोड तेवढंच कळवतात. नवं घर, पोरांचे मार्क, पहिला बर्फ. आजारपण आणि नोकरीचं मात्र कुणी बोलत नाही, कारण ‘त्यांना तिकडे उगीच घोर’. मग उपकारस्तुतीही त्याच गाळलेल्या बातम्यांवर चालते, आणि मुलांना हे आपल्याआधी कळतं.

म्हणून आधी आजींना सांगा. सांगायचं मुलानेच, सुनेने नाही आणि प्रार्थनेच्या वेळी तर मुळीच नाही. शनिवारी तुमच्याकडे टोरांटोत सकाळी साडेआठ वाजतात तेव्हा नगरला संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. त्या वेळी नणंदेला आईजवळ बसायला सांगा. रात्री झोपायच्या तोंडावर सांगू नका. आईंची रात्र जागून जाते आणि बीपीची गोळी राहून जाते. तीन गोष्टी सांगा: नोकरी कधी गेली, हातात किती महिन्यांचा खर्च आहे आणि पुढे काय चाललंय. ईआय (कॅनडाचा बेकारी विमा) मिळत असेल तर तेही नीट समजावा. पगारातून कापलेल्या विम्याचाच तो पैसा आहे, पगाराच्या साधारण 55 टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. नाहीतर ‘सरकारकडून पैसे घेतो’ एवढंच ऐकून त्या खचतील. त्या रडतील, रडू द्या. ‘काही नाही हो, होईल सगळं ठीक’ असं म्हणून लगेच गप्प करू नका.

त्याच दिवशी लेकीपाशी बसून वडिलांनी एक वाक्य म्हणावं: “तू बरोबर होतीस, आजीला सांगितलंय.” पुढे उपदेश नको.

आता प्रार्थनेकडे येऊ. संकटात उपकार मानायचे म्हणजे संकटाला चांगलं म्हणायचं, असं आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) फार शिकवलं जातं आणि मला ते अजिबात पटत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय खोड्यात असताना, मध्यरात्री गीतं गात होते, हे आपण मुलांना सांगतो. पण दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचा निरोप पाठवला तेव्हा पौल अडून बसला: आम्हाला चौकशी न करता उघड मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, 16वा अध्याय, तेही वाचून दाखवा. गाणारा आणि जाब विचारणारा माणूस एकच आहे. स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, त्यातली पहिली चार गाऱ्हाण्याची आणि विनवणीची, आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. आमच्या घरी पोरं याच स्तोत्रावर प्रार्थना शिकली.

हाच क्रम तुम्ही जेवणाच्या टेबलावर धरा. तुमचे साडेसात म्हणजे आजींचे पहाटेचे पाच (नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की सहा), ते छान जुळतं. ताटं वाढू नका, भांड्यांवर झाकणं राहू द्या, कारण निवणाऱ्या पोळीकडे बघत कुणी मनापासून बोलत नाही. आधी दोन-तीन वचनं वाचा. मग प्रत्येकाने आजची एक अडचण एका वाक्यात सांगायची. मग आजच्याच दिवसातल्या एका गोष्टीबद्दल उपकार, माणसाचं नाव घेऊन. ‘आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल’ चालणार नाही, ते तोंडपाठ आहे. “बस चुकली तेव्हा शेजारच्या काकूंनी शाळेत सोडलं” हे चालेल. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. सात मिनिटांच्या आत आटपा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणायचं असेल तर रविवारी, सावकाश.

बिघडतं कुठे तेही सांगते. सात वर्षांचा मुलगा “लेगोबद्दल थँक यू” म्हणाला की आई-बाबा सुधारायला जातात. नका सुधारू, इंग्रजीत म्हणाला तरी. माझी दोन्ही मुलं सुधारलं की गप्पच बसायची. प्रार्थनेच्या आडून मुलांना बोलणं हे त्याहून वाईट: “हे प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे.” तेरा वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं आणि ती तोंड बंद करते. ‘गावाकडच्या पोरांना हेही मिळत नाही’ हेही बंद करा. त्याने नुसती लाज वाटते, आणि लाज म्हणजे उपकारस्तुती नव्हे.

आणि लेकीला बोलावू नका. तिचं ताट रोज मांडा आणि ती जेवायला येईल तेव्हा येईल, प्रार्थनेच्या वेळी दार उघडं ठेवा. आजींनी पहिल्यांदा ‘लेकाला काम मिळू दे’ अशी खरी प्रार्थना केली की तिला ती ऐकू जाईल. कान सगळीकडे असतात त्या वयात. ती आली तरी ‘बघ, आलीस ना’ म्हणू नका. चार दिवस नुसतीच बसली तरी चालेल.

बाकीचं भराभर. इंग्रजी मंडळीत जावं की मराठी? दर रविवारी इंग्रजीत जा, मुलांची शब्बाथ शाळा (संडे स्कूल) असते तिथे. महिन्याकाठी होणारी मराठी उपासना मात्र चुकवू नका. नोकरी नसताना दशांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला) द्यावा का? मिळकतीवरच असतो तो, कर्ज काढून देऊ नका. हॅलोविनला मुलाला जाऊ द्यावं का, हे तुमच्या पाळकसाहेबांना विचारा, माझं मत तिथे नको. आणि ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारच्या थँक्सगिव्हिंगला टर्की करणारच असाल तर सहा किलोची गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला तीन दिवस लागतात, शुक्रवारीच खाली काढा. यंदा हात आखडता असेल तर कोंबडीचा रस्सा आणि भाकरी करा, आणि सुगीच्या सणाला नगरला मंडळीत जसं घरचं पीक नेतात तसा तुमच्या फूड बँकेला तांदळाचा एक पुडा पोरांच्या हातून पोचवा.