सम्राटाचं शहर ओस का पडलं?

प्रश्न : सहाव्या शतकातल्या पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्याचा सम्राट जस्टिनियनने आपल्या जन्मगावाजवळ वसवलेलं सर्बियातलं त्सारिचिन ग्राद शंभर वर्षांच्या आत ओस पडलं, असं वाचलं. भक्कम तट असूनही शत्रूने ते जिंकलं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा सगळा भर तटावर आहे. मी मात्र आधी पाण्याकडे बघेन. या शहराला पाणी यायचं ते राडान डोंगरातून, सुमारे वीस किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने. अशी वाहिनी राखायला माणसं लागतात, पैसा लागतो आणि मुलूख शांत असावा लागतो. तट कितीही जाड बांधला तरी यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

जस्टिनियनने आपल्या नावाने वसवलेलं जस्टिनियाना प्रिमा ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 535 मध्ये जस्टिनियनने कायदा करून इथल्या बिशपला आर्चबिशप केलं. इलिरिकमचा, म्हणजे बाल्कनमधल्या साम्राज्याच्या मोठ्या प्रांताचा, प्रमुख प्रशासकही थेसालोनिका शहरातून इथे यावा, असं त्याच कायद्यात आहे. म्हणजे हे शहर बाजारामुळे वाढलेलं नव्हतं, हुकमाने उभं राहिलं होतं. टेकडीच्या माथ्यावर आर्चबिशपचं चर्च आणि वाडा, त्याला वेगळा तट. खाली गोल चौक आणि दुतर्फा कमानींच्या ओसऱ्या असलेले रस्ते.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या याच ओसऱ्या. पुढे लोकांनी त्यांत दगडमातीच्या भिंती घालून घरं थाटली. पुष्कळ जण याला ऱ्हास म्हणतात. ते मला पटत नाही. सरकारी वैभव ओसरल्यावरही माणसं इथे संसार करत होती, शेतीची अवजारं वापरत होती. शहर खऱ्या अर्थाने त्यांचं झालं ते तेव्हा.

601 च्या सुमाराचं पोप ग्रेगरी यांचं एक पत्र आहे. इथला आर्चबिशप जॉन डोकेदुखीने आजारी होता आणि त्याच्या जागी दुसरा नेमण्याचा दरबाराचा विचार होता. आजारपणासाठी बिशपला काढता येत नाही, असं पोपने ठणकावलं. तोवर निदान ही गादी तरी चालू होती.

मग 602 मध्ये डॅन्यूब नदीच्या सीमेवरच्या साम्राज्याच्या सैन्याने बंड केलं, पाठोपाठ इराणशी दीर्घ युद्ध पेटलं आणि फौज-पैसा पूर्वेकडे वळला. इकडे आवार आणि स्लाव टोळ्यांना रान मोकळं मिळालं. 615 च्या सुमारास इथली वस्ती संपते. शेवटी हल्ले झालेही असतील. पण राजधानी कॉन्स्टँटिनोपलने पाठ फिरवल्यावर हे शहर फार काळ टिकणं शक्यच नव्हतं.