शब्द येतात, तरी उत्तर का चुकतं?

या खेपेच्या पत्रांत दहावीतल्या मुलीचे वडील आहेत, बँकेची तयारी करणारा पदवीधर आहे, परदेशी जाऊ पाहणारी नर्स आहे. परीक्षा वेगवेगळ्या, अडचण मात्र बरीचशी एकच. शब्द पाठ आहेत, व्याकरणही बरं आहे, पण समोर उतारा आला किंवा कानावर रेकॉर्डिंग पडलं की अर्थ हातून निसटतो.

*माझी मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. इंग्रजी उतारा घडाघडा वाचते, शब्दांचे अर्थही सांगते, पण खालच्या प्रश्नांची उत्तरं चुकतात. शिकवणी लावावी का? – एक पालक, नंदगड*

शिकवणीचं नंतर बघू. आधी तिने चुकवलेली उत्तरं घेऊन तिच्याजवळ बसा. बहुतेक मुलं प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो सापडला की ते अख्खं वाक्य उतरवून काढतात. प्रश्न 'का' असा असेल तर कारण बऱ्याचदा शेजारच्या वाक्यात असतं, आणि तिथे तो शब्द नसतोच.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची. 'द मॅन हू सोल्ड द बुलक्स वॉज क्राइंग' हे वाक्य डावीकडून एकेक शब्द उचलत वाचणारं मूल 'बैल रडत होते' असं सांगतं. सगळे शब्द तिला येतात, पण रडतंय कोण हे सुटतं. मराठीत आपण 'बैल विकलेला माणूस' असं विशेषण आधी लावून मोकळे होतो. इंग्रजीत ते नामाच्या मागे येतं आणि कर्ता-क्रियापदाच्या मधे शिरतं. म्हणून लांब वाक्य दिसलं की तिला दोनच गोष्टी विचारा : कोण? आणि त्याने काय केलं? मधलं सगळं नंतर.

रोज एक छोटा उतारा घ्या. प्रत्येक परिच्छेद संपला की पुस्तक झाकून, त्यात काय घडलं ते तिने एका वाक्यात मराठीत सांगायचं. शब्दशः भाषांतर नको, घरी गोष्ट सांगतो तसं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे तुम्ही ऐकू शकता, कारण सांगणं तुटक झालं की तुमच्या लगेच लक्षात येईल. शिवाय 'बट', 'ऑल्दो', 'अनलेस', 'हार्डली' या शब्दांखाली तिला पेन्सिलीने रेघ मारायला लावा. अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटवतात ते हे शब्द, आणि मुलं नेमकी त्यांच्यावरून घसरत पुढे जातात. दोन महिने हे नेमाने करून बघा, मग शिकवणीचं ठरवा.

*बँक क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीला वेळच पुरत नाही. आधी प्रश्न वाचावेत की उतारा? – पदवीधर, वडगाव, बेळगाव*

30 प्रश्नांना 20 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 40 सेकंद. उताऱ्यापासून सुरुवात केलीत तर निम्मा वेळ तिथेच जातो. आधी रिकाम्या जागा, चूक शोधा, शब्दांचा वापर असले सुटे प्रश्न उरका, मग निवांत उताऱ्याकडे वळा.

प्रश्न आधी की उतारा, यावर क्लासमध्ये भांडणं होतात. माझं मत असं : प्रश्नांवर फक्त नजर टाका, पर्याय वाचू नका. चुकीचे पर्याय डोक्यात घेऊन उतारा वाचायला बसलात तर उताऱ्यात नसलेलंही दिसायला लागतं.

अंदाजाचंही सांगते, कारण त्यात खूप गुण जातात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि पर्याय 5 असतात. डोळे मिटून ठोकत गेलात तर सरासरीने हाती शून्य. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं आणि उरलेल्या तिनांतून निवडलंत तर हिशेब तुमच्या बाजूला झुकतो. तेव्हा उत्तर शोधण्याइतकाच चुकीचे पर्याय खोडण्याचा सराव करा.

*मी स्टाफ नर्स आहे. यूकेला जाण्यासाठी ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा देणार आहे. वाचन जमतं, पण लिसनिंगमध्ये रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात आणि मी पहिल्याच मिनिटाला मागे पडते. – निपाणी*

तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देते, कारण निपाणी-चिकोडीकडून अशी पत्रं पुन्हापुन्हा येतात आणि या मुलींनी मागे राहावं असं एकही कारण मला दिसत नाही.

यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ओईटीच्या लिसनिंगमध्ये 'बी' ही श्रेणी लागते. लिसनिंगमध्ये 42 प्रश्न असतात आणि त्यातले 24 पहिल्या भागात, म्हणजे रुग्णाशी झालेली दोन संभाषणं ऐकून टिपणातल्या रिकाम्या जागा भरायच्या. प्रत्येक संभाषणाआधी टिपण वाचायला 30 सेकंद मिळतात. ती घाबरण्यात घालवू नका. प्रत्येक रिकाम्या जागी काय येईल, औषधाचं नाव, दिवस, शरीराचा भाग की आकडा, हे मनाशी ठरवून ठेवा. बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर कन्नडमध्ये घोषणा होते तेव्हा ज्याला धड कन्नड येत नाही तोही गावाचं नाव आणि फलाटाचा आकडा बरोबर पकडतो, कारण कशासाठी कान लावायचा हे त्याला ठाऊक असतं. इथेही तेच करायचं आहे. एखादी जागा हुकली तर ती सोडा आणि पुढच्या जागेवर या. एका शब्दाचा शोक करताना पुढचे तीन जातात.

आता सराव. दोन मिनिटांचं असं रेकॉर्डिंग घ्या की ज्याची लेखी प्रतही मिळते. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश आणि बीबीसी लर्निंग इंग्लिश या संकेतस्थळांवर अशी फुकट मिळतात. एकदा काहीही न बघता ऐका आणि टिपा. मग लेखी प्रत समोर ठेवून ऐका आणि जिथे चुकलं तिथे खूण करा. प्रत्येक खुणेला कारण लिहा : शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, की शब्द कळले पण धागा सुटला. बहुतेकींच्या खुणा दुसऱ्या प्रकारात जास्त निघतात, आणि म्हणूनच नुसते शब्द पाठ करून लिसनिंग सुधारत नाही.

ते का, ते समजून घ्या. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची आक्रसतात. शाळेत आपण 'कम्फर्टेबल' शिकतो, कानावर येतं 'कम्फ्टबल'. 'कॅन' नुसतं 'कन' होतं. 'नेक्स्ट डे' म्हणताना मधला ट गायब होतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत शेवटच्या न पेक्षा जोर कुठे पडला हे जास्त उपयोगी पडतं. औषधाच्या मात्रेत ही चूक झाली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) यांचंही तसंच. म्हणून खुणा केलेली वाक्यं रेकॉर्डिंगसोबत त्याच वेगाने, त्याच चालीने मोठ्याने म्हणा. जो उच्चार आपल्या तोंडातून निघतो तो कानाला सापडतो.

आणखी एक. रुग्ण स्वतःचं बोलणं दुरुस्त करतो : 'दोन आठवडे झाले... नाही, तीन असतील.' परीक्षेतही असं येतं. आकडा ऐकला की लगेच निश्चिंत होऊ नका, वाक्य संपू द्या.

*परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, तिच्या वाचनात 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत दर वेळी गोंधळ होतो. – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उद्यमबाग*

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. समजा उताऱ्यात एवढंच आहे : '1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष महात्मा गांधी होते.' आता विधान आलं, 'बेळगावच्या अधिवेशनाचे अध्यक्ष नेहरू होते.' उतारा याला सरळ खोटं पाडतो, म्हणून फॉल्स. विधान आलं, 'गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले.' हे खरं आहे, टिळकवाडीत कुणालाही विचारा, पण उताऱ्यात नाही. उत्तर नॉट गिव्हन. हुशार मुलं फसतात ती इथेच, स्वतःला माहीत असलेलं उताऱ्यात भरतात. उताऱ्यातल्या ज्या वाक्याने विधान खोटं ठरतं त्यावर बोट ठेवता आलं नाही, तर फॉल्स लिहू नका.

तीन उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

*इंग्रजी सिनेमे सबटायटल लावून बघितले तर कान तयार होतो का? – खानापूर*

मराठी किंवा हिंदी सबटायटलने नाही, तिथे फक्त डोळे काम करतात. इंग्रजी सबटायटल चालतील, पण आधी तोच प्रसंग त्यांच्याशिवाय बघा. तरीही परीक्षा जवळ आली असेल तर सिनेमापेक्षा व्याख्यान, मुलाखत, बातम्या बऱ्या.

*मी सीमेवरच्या गावात मराठी शाळेत शिकवते. नेटवर्क धड नसतं. वर्गात लिसनिंग कसं घ्यावं? – शिक्षिका, चिकोडी तालुका*

बाई, तुमचा आवाज हेच पहिलं साधन. पाच-सहा ओळींचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचा. मुलांनी वाक्यं न लिहिता फक्त कानाला लागलेले शब्द टिपायचे. मग जोडीजोडीने त्या शब्दांवरून मजकूर पुन्हा उभा करायचा. तो मूळ मजकुराशी जुळला नाही तरी अर्थ जुळला की पुरे. ऐकणं, व्याकरण आणि लेखन तिन्ही एका तासात होतं, आणि जोडीतलं गप्प बसणारं मूलही बोलू लागतं.

आकडे आणि स्पेलिंगचं श्रुतलेखन आठवड्यातून एकदा तरी घ्या. 'जी' आणि 'जे', 'ए' आणि 'ई' यांत आपली मुलं हमखास गोंधळतात. फोन नंबर सांगताना शून्याला 'ओ' आणि 55 ला 'डबल फाइव्ह' म्हणतात, हेही त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरे आवाज हवेत म्हणून तालुक्याला गेलात की ऑडिओ लेखी प्रतीसकट फोनमध्ये उतरवून घ्या. छोटा ब्लूटूथ स्पीकर वर्गाला पुरतो. लावण्याआधी दोन प्रश्न फळ्यावर लिहा, आणि पहिलं उत्तर मागच्या बाकावरच्या मुलांकडून घ्या. पुढची मुलं हात वर करणारच आहेत.