पांझरेसाठी काम करायचंय ना, मग आधी पूल बघ

बेटा,

तुझा मेसेज वाचला, आपल्या धुळ्याच्या पांझरा नदीसाठी काहीतरी करायचंय आणि कॉलनीतली पोरंपोरी तयार आहेत हे वाचून फार बरं वाटलं. रविवारी सफाई ठरवलीय ती करा, नक्की करा. पण त्याच्या आधी एक काम कर, सकाळी कामाच्या टायमाला नदीवरच्या खालच्या पुलापाशी थांब आणि बघ कोण कोण जातंय. नदीपलीकडचं देवपूर ते गाव पायी ये-जा करणाऱ्या धुणीभांडीवाल्या मावश्या, सायकलवरचे मजूर, दप्तरवाली पोरं. वरच्या अक्कलपाडा धरणातून जास्त पाणी सोडलं की पहिले हे खालचेच पूल बंद होतात, गाडीवाला मोठ्या पुलावरून वळसा घेतो आणि विसरून जातो, पायी चालणाऱ्याची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मी नदी आणि ये-जा हे दोन वेगळे विषय मानतच नाही.

नाल्यांचंही तसंच आहे बघ. ज्या वस्तीच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही तिथे घंटागाडी पण शिरत नाही, मग कचरा जाणार कुठे, नाल्यात, आणि नाला सरळ पांझरेत. तिथल्या लोकांना "घाण करू नका" असं शिकवायला जाऊ नका रे, त्यांच्याबरोबर बसा आणि मिळून रस्ता मागा, घंटागाडीची वेळ मागा. एखादी आजी म्हणेलच, "नदीमा पानी कोठे शे भो, गटारच शे आते," तर तिला विचारा की आधी पाणी कुठपर्यंत असायचं, कुठला नाला कधीपासून काळा झाला. ही माहिती कुठल्या फाईलमध्ये मिळत नाही.

अजून एक, प्लास्टिक उचललं की काठ चांगला दिसतो पण पाणी सुधारत नाही. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्याचंच माप म्हणजे बीओडी. आंघोळीलायक नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको आणि विरघळलेला ऑक्सिजन निदान 5 मिलिग्रॅम पाहिजे. म्हणजे खरा प्रश्न हा की शहराचं किती सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं आणि किती तसंच. हे माहिती अधिकारात विचार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर अपील. आणि पर्यावरण स्थितीचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैच्या आत महापालिकेपुढे ठेवायचा असा कायदा आहे, तो मागून घे आणि पूर्ण वाच, कंटाळा आला तरी वाच.

ये-जा म्हटलं की सगळे रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलतात. तू भाड्यावर बोल. 17 मार्च 2023 पासून बायांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, साक्रीची बाई अर्ध्या भाड्यात धुळ्याला येते, पण स्टँडवरून पुढे दवाखान्यात जायला रिक्षालाच वाचलेले पैसे जातात. रिक्षाचे दर, शेअर रिक्षाचे मार्ग हे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष कलेक्टर असतात, तर निवेदन तिथे द्यायचं. रिक्षावाल्या भाऊंना सोबत घेऊन द्या, त्यांच्याशी भांडून नाही, त्यांचंही पोट त्यावरच आहे.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. याच पांझरेवर आपल्या बापजाद्यांनी फड बागायत चालवली, बंधाऱ्याचं पाणी फडाफडांत म्हणजे शेतांच्या गटागटांत वाटून घ्यायचं, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमायचा, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, शेवटच्या शेतालाही पाणी पोचलं पाहिजे हा हिशोब. शेकडो वर्षं चाललं ते.

सुरुवात एकाच नाल्यापासून कर, सगळी नदी अंगावर घेऊ नको. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला सगळा गाव नदीवर येतो, त्याच्या आत घाटाची उतरण म्हाताऱ्या बायांना उतरता येईल अशी करून मागा, ही मागणी कोणी नाकारत नाही आणि तिच्या निमित्ताने गल्लीगल्लीतल्या बाया तुमच्यासोबत येतील. अर्जाचा मसुदा लिहिलास की पाठव, मी वाचून देतो, पण सह्या त्या नाल्याकाठच्या लोकांच्या पहिल्या घे, तुमच्या कॉलनीच्या नंतर.

तुझा काका